बोर्डावर घरी आलेला शिपाई

(मोडनिंब येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



लढाईत पाय गमावलेला शिपाई परत येतो तेव्हा सगळं गाव त्याच्याभोवती गोळा होतं. पंधरा ऑगस्टला त्याच्या हस्ते झेंडा चढतो. दुसरा एक शिपाईही मुदतीआधी घरी येतो. त्याचे हातपाय धड असतात, पण त्याचा विषय निघाला की पारावरची माणसं आवाज खाली आणतात. ‘बोर्डावर आला. डोक्यावर परिणाम झाला होता म्हणे.’ पुढं कोणी काही विचारत नाही. त्याचं डिस्चार्ज बुक ट्रंकेच्या तळाशी जातं आणि घरातलं कोणी ते पुन्हा उघडत नाही.

मी वकील आहे, सैनिकांच्या पेन्शनची प्रकरणं पाहतो. आज मला त्या ट्रंकेतल्या कागदांविषयी बोलायचं आहे. त्यावरचा निर्णय पुन्हा तपासून घेता येतो. तो पंचवीस-तीस वर्षांनीही तपासला गेलेला आहे. पण ज्यांना हे कळायला हवं त्यांच्यापर्यंत ते पोचलेलं नाही.

शिपाई बोर्डावर कसा येतो ते आधी पाहू. फौजेत प्रत्येकाची वैद्यकीय कॅटेगरी असते. इथले माजी सैनिक ‘शेप वन’ म्हणतात तीच. त्यातलं पहिलं अक्षर, एस, मनाच्या स्थितीचं. जवान नीट झोपत नाही, एकटा बसतो, कोणीतरी आपल्या मागावर आहे असं म्हणतो. मग त्याला मिलिटरी हॉस्पिटलात पाठवतात. मानसोपचार तज्ज्ञ त्याला तपासतात. त्याच्या वागणुकीबद्दल युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडून लेखी अहवाल मागवला जातो. काही महिने खालच्या कॅटेगरीत ठेवून पाहतात. सुधारला नाही तर डॉक्टरांचं बोर्ड बसतं आणि तो सेवेला अयोग्य ठरतो. फॉर्मवर आजाराचं नाव येतं, टक्केवारी येते आणि आणखी एक मत येतं: हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. पेन्शन अडते ती या मतापाशी.

इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. माणूस आजारी होता का? आजारी असला तरी सेवेला अयोग्य होता का? आणि तो आजार नोकरीने दिला किंवा नोकरीने वाढवला का? घरची माणसं लाजेपोटी पहिल्याच प्रश्नावर भांडतात. ‘आमचा मुलगा वेडा नव्हताच, साहेबांशी वाकडं आलं म्हणून काढला,’ असं वर्षानुवर्षं अर्जात लिहितात. काही वेळा ते खरंही असतं. पण आजार खरोखर असताना तो नाकारत राहिलं की तिसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो, आणि हक्क त्या तिसऱ्या प्रश्नात असतो. आजार कबूल केल्याने केस पडत नाही. माणूस भरतीच्या वेळी धडधाकट होता, नोकरीत असताना आजारी पडला, हे सांगायचं तर आजार कबूल करावाच लागतो.

१९८२ सालच्या नियमांनी या बाबतीत जवानाची बाजू घेतली होती. भरतीच्या वेळी कागदावर एखादा आजार नोंदलेला नसेल, तर माणूस निरोगीच आला होता असं धरायचं. ज्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं तो सर्वसाधारणपणे सेवेतच उद्भवला असं मानायचं. भरतीच्या तपासणीत तो सापडणं शक्यच नव्हतं असं डॉक्टरांना वाटत असेल, तर त्यांनी त्याची कारणं लिहायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह यांच्या खटल्यात हे सगळं एकत्र मांडलं. त्यांचा आजार झटके येण्याचा होता, मनाचा नव्हता. पण पुढच्या शेकडो निकालांना तोच आधार मिळाला.

त्याच दिवशी दुसरा एक निकाल लागला. मला तो अधिक जवळचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. वीरपाल सिंह विरुद्ध संरक्षण सचिव असं त्याचं नाव. १९७२ साली फौजेत गेलेला हा जवान १९७७ साली घरी पाठवला गेला. कागदावर निदान स्किझोफ्रेनियाच्या स्वरूपाचं होतं. तेव्हा आपल्याकडे अशा कोणाला धाडलं असतं, तर तो कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने मोडनिंबला आला असता, हातात ट्रंक आणि ट्रंकेत तो कागद घेऊन. वीरपाल सिंह यांचा कागद ३६ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या टेबलावर उघडला गेला.

न्यायमूर्तींनी मानसोपचार तज्ज्ञाचा मूळ अहवाल वाचला. त्यात लिहिलेली लक्षणं आणि त्या आजाराबद्दल वैद्यकीय ग्रंथ काय सांगतात, हे दोन्ही समोरासमोर ठेवलं. ते जुळेना. उपचारांनी रुग्ण सुधारला आहे अशी नोंदही त्याच अहवालात होती. बोर्डाने मात्र स्वतः काही तपासलं नव्हतं, तज्ज्ञाच्या मतावर फक्त होकार दिला होता. न्यायालयाने म्हटलं, तज्ज्ञांच्या मताचा आदर करायचा, त्याची पूजा करायची नाही. बोर्डाचे कागद उघडून पाहायला न्यायाधिकरण नकार देऊ शकत नाही. जवानाची फेरतपासणी करण्यासाठी पुनर्विलोकन मंडळ बसवायचा आदेश निघाला: सेवेतून काढलं त्या वेळी त्याला नोकरीस अपात्र करणारा आजार खरोखर होता का, आणि त्याला पेन्शन देय आहे का, हे ठरवण्यासाठी.

छत्तीस वर्षं हा फार मोठा काळ आहे. मला या निकालाचा अभिमानही वाटतो आणि तो इतका उशिरा आला याचा रागही येतो.

अलीकडचा निकाल ७ मे २०२५ चा आहे. खंडपीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते, आपले ठाण्याचे, आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान होते. सुमारे नऊ वर्षं नोकरी झालेला एक शिपाई १९९८ साली स्किझोफ्रेनियामुळे घरी पाठवला गेला होता आणि त्याला दिव्यांगता पेन्शन नाकारली होती. न्यायालयाने ती मंजूर केली. बोर्डाने मत दिलं पण कारण दिलं नाही, एवढ्यावरच नकार टिकला नाही. कारण लिहिणं ही औपचारिकता नव्हे, त्यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं, असा त्या निकालाचा आशय आहे.

पण दुसरी बाजू तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. २००९ साली दामोदरन यांच्या खटल्यात, तोही स्किझोफ्रेनियाचाच, न्यायालयाने बोर्डाच्या मताला प्राधान्य दिलं आणि जवान हरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंह यादव यांच्या खटल्यातही तसंच झालं. मनाचा आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तेव्हा तो नोंदला गेला नाही एवढ्यावरून सेवेमुळे झाला असं आपोआप मानता येणार नाही, प्रत्येक प्रकरण त्याच्या हकिगतीवर पाहावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. २००८ च्या नियमांनी जुनी मुभा आवळली, आणि सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे नियम आले. ‘अर्ज करा, पेन्शन येणारच’ असं कोणी एजंट सांगत असेल तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

म्हणून हकिगत महत्त्वाची. पोस्टिंग कुठे होती? उंचावर, बर्फात, काश्मीर किंवा ईशान्येतल्या दहशतवादविरोधी मोहिमेत? शेजारचा जोडीदार डोळ्यांदेखत गेला का? रजा कधी मागितली, कधी मिळाली? पहिलं लक्षण कोणत्या महिन्यात दिसलं? बोर्डापुढे जवान स्वतः हे सांगण्याच्या स्थितीत नसतो. डॉक्टर विचारतात, ‘घरी काही ताण?’ तो म्हणतो, ‘भावकीत बांधाचं भांडण चालू आहे.’ ते लिहिलं जातं आणि आजाराचं कारण घरगुती ठरतं. बांधाचं भांडण कोणत्या घरात नाही? पण ते सोडवायला घरी जाता येत नाही, फोन लागत नाही, रात्रपाळीला हातात रायफल आहे, हा ताण नोकरीचा असतो. अपिलात हे तारखांसह लिहायला हवं.

आता पैशाचं सांगतो, कारण घर त्यावर चालतं. दिव्यांगता पेन्शनचे दोन भाग. सेवेचा भाग शेवटच्या पगाराच्या निम्मा, आणि त्याला किमान नोकरीची अट नाही. दिव्यांगतेचा भाग शंभर टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के, त्या प्रमाणात खाली. बोर्डाने काढलेल्याची टक्केवारी २० ते ४९ असेल तर ती ५० धरायची, अशी तरतूद ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी आदेशात आहे. म्हणजे हिशेबाचा पगार ३० हजार असेल तर दरमहा १५ हजार आणि वर साडेचार हजार, शिवाय महागाई भत्ता. हक्क नाकारला तर अनेकांच्या हातात फक्त एकरकमी ग्रॅच्युइटी पडली आहे. तेवढ्यात एक खोली बांधून होते.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. युद्धानंतर मनावर उरणाऱ्या आघाताला तिथल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली पहिल्यांदा नाव मिळालं. म्हणजे व्हिएतनामहून आलेल्या सैनिकाच्या १९७० च्या कागदावर ते निदान असणं शक्यच नव्हतं. तिथे वाईट वर्तणुकीचे शेरे मारून अनेकांना काढलं गेलं. सप्टेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी पुनर्विलोकन मंडळांना आदेश दिला की अशा अर्जांकडे उदारपणे पाहा. वैद्यकशास्त्र पुढे गेलं की जुने कागद नव्या ज्ञानाने वाचायचे, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे असा सरसकट आदेश नाही. ज्याने दार ठोठावलं त्याच्यापुरतं ते उघडतं. माझ्या मते सरकारने स्वतःहून मानसिक आजाराची जुनी, कारण न दिलेली प्रकरणं मंडळापुढे ठेवायला हवीत. जवानाने आणि त्याच्या विधवेने कोर्टाच्या पायऱ्या का चढायच्या?

तसं होईपर्यंत मार्ग असा. आधी माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून बोर्डाच्या कार्यवाहीची, तज्ज्ञाच्या अहवालाची आणि कमांडिंग ऑफिसरच्या अहवालाची प्रत मागायची. मग पहिलं अपील, दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००९ पासून ते सुरू आहे आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. रात्री कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. जवान हयात नसेल तर त्याचे वारसही जाऊ शकतात. मुदत कायद्याने सहा महिन्यांची आहे, पण पेन्शन दरमहा नाकारली जाते म्हणून उशीर माफ होऊ शकतो. उशिरा गेलेल्याला मागची थकबाकी मात्र सहसा तीन वर्षांचीच मिळते. आणि २००८ च्या नियमांत एक धोका आहे: सेवेतून आल्यावर १५ वर्षांनंतर दावा केला आणि तोवर कागद नष्ट झालेले असले, तर सिद्ध करण्याचा भार जवानावर येतो. कागद आजच मागवायचे ते यासाठी.

ज्यांच्या घरात तो माणूस आज आजारी आहे, त्यांनी केससाठी उपचार थांबवू नयेत. औषधाने सुधारला तर पेन्शन जाईल ही भीती मी ऐकली आहे. ती मनातून काढा. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करून मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सैन्यदलांसाठी याच सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याला सुरू झाला आहे.

सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपिलाच्या कागदांसाठी मदत मागता येते. इथल्या माजी सैनिकांना माझी विनंती आहे की आपापल्या गावातल्या अशा एका घरी तरी जा. त्या घरातली बाई स्वतःहून येणार नाही, कारण आतापर्यंत तिला कोणी बरं विचारलेलं नाही. तिला सांगा, डिस्चार्ज बुक काढून ठेवा, त्यावर रेकॉर्ड ऑफिसचं नाव आणि सैनिक क्रमांक असतो, माहिती अधिकाराच्या अर्जाला तेवढं पुरतं. दहा रुपयांचा पोस्टल ऑर्डर जोडायचा. कार्यक्रम संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ज्यांनी कागद आणले असतील त्यांचे अर्ज आत्ताच लिहून टाकू.