आधी कोणतं काम? माहितीची सुरक्षा आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. छापण्यासाठी थोडा आवरून घेतला आहे.)



मला बोलायला सांगताना सचिवांनी दोन अटी घातल्या. "वहिनी, अर्ध्या तासात आटपा, आणि जेवणाआधी कुणाला झोप लागता कामा नये." पहिली अट मी पाळीन. दुसरीचं तुमच्या हातात आहे.

मी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण "तुम्ही संशोधन करता म्हणजे नक्की काय करता?" हा प्रश्न लिफ्टमध्ये मला अनेकांनी विचारला आहे, आणि तळमजला ते सहावा मजला एवढ्या वेळात त्याचं उत्तर होत नाही. माझे विषय दोन. पहिला, नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीची सुरक्षा. दुसरा, एखाद्या संस्थेपुढे तंत्रज्ञानाची दहा कामं आहेत आणि पैसे चार कामांपुरतेच आहेत, तर कोणती चार निवडायची. याला 'प्रोजेक्ट पोर्टफोलिओ मॅनेजमेंट' असं भारदस्त नाव आहे. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात आपल्या प्रत्येक घरात हेच चालतं, फक्त त्यावर कुणी पीएच.डी. देत नाही.

हे दोन विषय आजच सांगायचं कारण आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे जी कामं येणार आहेत, त्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली आहे. चेहरा ओळखून उघडणारं गेट, पाहुण्यांच्या नोंदीचं ॲप, आणखी सोळा कॅमेरे, ऑफिसचा नवा संगणक, मेंटेनन्सच्या ऑनलाइन पावत्या. आणि त्याच निधीकडे डोळे लावून बसलेली जुनी दुखणी: बी विंगचे पाइप आणि इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट.

आधी नेटवर्क म्हणजे काय ते आपल्या टाकीवरून समजून घेऊ. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक विंगला पाइप जातो आणि प्रत्येक पाइपला वेगळा व्हॉल्व्ह आहे. बी विंगमध्ये गळती झाली की प्लंबर तेवढाच व्हॉल्व्ह बंद करतो, ए विंगमधल्या काकूंची भांडी अडत नाहीत. समजा व्हॉल्व्हच नसते, तर एका गळतीसाठी अख्खी मुलुंडची ही इमारत कोरडी राहिली असती. संगणकांच्या जाळ्यातही असे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. ते नसले की काय होतं, हे आपल्याच खाडीपलीकडे दिसलं. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. बिघाड सुरू झाला होता युक्रेनमध्ये, तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. 'नॉटपेट्या' नावाचा तो घातक प्रोग्राम मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि काही तासांत आपल्या किनाऱ्यावर पोचला. इथल्या कुणी काही केलं नव्हतं. पाइप एकच होता, इतकंच.

दुसरं उदाहरण तर सहकारातलंच आहे. पुण्याची कॉसमॉस बँक, स्थापना १९०६. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेला विचारतं, "या खात्यातून एवढे पैसे देऊ का?" हा प्रश्न पोचवणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात. चोरांनी या स्विचच्या जागी आपला तोतया उभा केला. पुण्याला तोतयाचं नवल नाही, पेशवाईत भाऊसाहेबांचा तोतया येऊन गेलाच होता! इथला तोतया विचारलं की "द्या पैसे" म्हणायचा, आणि बँकेच्या खऱ्या खातेवहीपर्यंत प्रश्न जातच नव्हता. बनावट कार्डं घेऊन माणसं २८ देशांत एटीएमपुढे उभी होती. त्यातली काही आपल्या कोल्हापुरातही होती. काही तासांत हजारो व्यवहार झाले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १३.९ कोटी रुपये हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. खातेदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, तोटा बँकेनं सोसला. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं.

या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेनं जे केलं, ते मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेची मूलभूत चौकट आली, आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी चार पायऱ्यांची. सगळ्यांनी सगळं करा, असं त्यात म्हटलेलं नाही. छोट्या बँकेला पहिली पायरी पुरे. ज्या बँकेचं स्वतःचं एटीएम स्विच आहे किंवा जी स्विफ्टला जोडलेली आहे, तिला वरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. जेवढी दारं उघडाल, तेवढी कुलपं घ्या. माझ्या दोन्ही विषयांचा सांधा याच वाक्यात आहे.

आता कुलपांवर खर्च किती करायचा? अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोब यांनी २००२ मध्ये याचं गणित मांडलं. समजा एखाद्या गोष्टीत नुकसान झालंच तर एक लाखाचं होईल, आणि ते होण्याची शक्यता दहा टक्के आहे. म्हणजे अपेक्षित नुकसान दहा हजार. त्यांच्या गणितात, नेहमीच्या परिस्थितीत, सुरक्षेवरचा शहाणा खर्च या दहा हजारांच्या ३७ टक्क्यांपलीकडे जात नाही, म्हणजे ३,७०० रुपये. हा आकडा जसाच्या तसा वापरा असं मी म्हणणार नाही. पण कुणी विक्रेता भीती घालून तुमच्याकडे पन्नास हजार मागू लागला, तर आधी विचारा: जाणार किती, आणि जाण्याची शक्यता किती?

विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारायला शिका. "आमची यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे" असं तो सांगेल. आपल्या गेटवरचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या आठवड्यात हजार माणसं आत आली, त्यात चोर एक. वॉचमन शंभरात एकदाच चुकतो, म्हणजे ९९ टक्के अचूक. तो चोराला अडवेल, पण त्याचबरोबर दहा भल्या माणसांनाही अडवेल. अकरा जणांना थांबवलं, त्यात खरा चोर एक. आठवडाभर असं झालं की काय होतं? वॉचमन कंटाळतो आणि सगळ्यांना सोडायला लागतो. स्वीडनच्या स्टेफान ॲक्सेलसन यांनी हेच गणित नेटवर्कसाठी मांडून दाखवलं, आणि तिथे तर तासाला लाखो 'पाहुणे' येतात. आमच्या क्षेत्रातही 'केडीडी कप ९९' नावाच्या १९९९ सालच्या माहितीसंचावर यंत्रणा तपासून अचूकतेचे आकडे छापणारे निबंध पुष्कळ आहेत. माझे विद्यार्थी त्या माहितीपेक्षा वयानं लहान आहेत! म्हणून प्रश्न असा विचारायचा: कुठल्या माहितीवर तपासलं, आणि दिवसाला खोट्या घंटा किती वाजतील?

कामांच्या यादीकडे येते. हार्वर्डचे वॉरेन मॅकफार्लन यांनी १९८१ मध्ये सांगितलं, की प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. काम केवढं मोठं आहे? हे तंत्रज्ञान आपण आधी हाताळलं आहे का? आपल्याला नक्की काय हवंय ते ठरलंय का? आणि मग सगळ्या कामांची जोखीम एकत्र मांडून बघा, सुटी सुटी नको. ऑनलाइन पावत्या घ्या. काम लहान, ओळखीचं, काय हवंय ते स्पष्ट. चेहरा ओळखणारं गेट घ्या. खर्च मोठा, अनुभव शून्य, आणि कामवाल्या मावशी, दूधवाला, शाळेची व्हॅन यांचं काय करायचं हे कुणालाच सांगता येत नाही. तिन्ही प्रश्नांत नापास. शिवाय पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही.

आता थोडं गंभीर बोलते. वॉचमनच्या केबिनमध्ये एक यादी लावलेली आहे. कोणत्या फ्लॅटमध्ये ज्येष्ठ नागरिक एकटे राहतात, त्यांचा फोन, परदेशातल्या मुलाचा फोन. हेतू चांगलाच आहे, रात्री-अपरात्री कुणाला बरं वाटेनासं झालं तर हाताशी असावी. पण ती भिंतीवर, कुरिअरवाल्यालाही वाचता येईल अशी कशाला? हल्ली 'डिजिटल अरेस्ट'च्या नावानं जे फोन येतात, त्यांचं भांडवल नेमकी हीच माहिती असते. समोरच्याला तुमचं नाव, मुलाचं शहर ठाऊक असलं की माणूस घाबरून विश्वास ठेवतो. आजी-आजोबांनो, डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर ठेवून द्या, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. लाजू नका, उशीर करू नका.

ती यादी आज एका भिंतीवर आहे. ॲपमध्ये गेली की कुठल्या संगणकावर असेल, ते आपल्याला दिसणारही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा सोपा आहे: कामापुरतीच माहिती घ्या, आणि काम संपलं की पुसा. तो कागदी वहीला लागू होत नाही, पण वही डिजिटल झाली की होतो. म्हणून ॲप घेण्याआधी ठरवायला हवं की पाहुण्याचा फोन नंबर घ्यायचाच का, आणि घेतला तर किती दिवस ठेवायचा. जी माहिती आपण गोळाच केली नाही, ती कुणी चोरू शकत नाही. त्याहून स्वस्त कुलूप बाजारात नाही.

तर माझ्या मते क्रम असा असावा. पहिली, बिनपैशाची कामं, याच आठवड्यात: केबिनमधली यादी बंद पाकिटात, ऑफिसच्या हिशेबाची प्रत दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर, आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदलणं. हे शेवटचं किरकोळ वाटेल. पण २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामनं असे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि उपकरणं ताब्यात घेतली, आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या.

दुसरं, स्ट्रक्चरल ऑडिट आणि बी विंगचे पाइप. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा व्हावं असं उपविधीच सांगतात. संगणकाची बाई हे सांगते म्हणून हसू नका. पैसा एकाच पेटीतून जाणार आहे, त्यामुळे गेट आणि पाइप एकाच यादीत मांडायलाच हवेत. तिसरं, ऑफिसचा संगणक आणि पावत्या. कॅमेरे सोळा नकोत, जिन्याच्या आणि पार्किंगच्या अंधाऱ्या जागा मोजून तेवढेच घ्या. ॲप सहा महिने एका विंगपुरतं वापरून बघू. चेहऱ्याचं गेट यादीतून काढून टाकावं. एखादं काम 'करायचं नाही' असं ठरवणं हाही निर्णयच असतो, आणि तो इतिवृत्तात लिहायचा असतो.

आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा. तेव्हा सोसायटीची सगळी माहिती एका लोखंडी कपाटात मावत होती, आणि किल्ली कुणाकडे आहे हे प्रत्येक सभासदाला ठाऊक होतं. कपाटं आता पुष्कळ झाली आहेत. सभेत हात वर करण्याआधी प्रत्येकानं एवढं विचारावं, की या नव्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार? उत्तर समाधानकारक मिळालं तरच हात वर करा, मग प्रस्ताव कुणाचाही असो, माझा असला तरी.

अर्धा तास झाला. खालून मसालेभाताचा वास येतोय, तेव्हा थांबते. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.