पहिलटकरणीचं दुखणं
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



बाळाला अंगावर पाजणे हा आमचा आजचा विषय आहे. पुरुष मंडळी समोर बसलेली असताना विहारात हे कसं बोलायचं, असा प्रश्न आमच्यातच निघाला होता. पण सिद्धार्थाची आई महामाया सात दिवसांत गेली आणि महाप्रजापती गौतमीने त्याला आपलं दूध पाजून वाढवलं, हे आपण सगळे जाणतो. मज्झिम निकायात खुद्द आनंदाने भगवंतांना या दुधाची आठवण करून दिली आहे. भिक्खूंना जे बोलताना संकोच वाटला नाही त्याचा आपण का करावा? तेव्हा बंधूंनी उठून जाऊ नये. त्यांचंही काम यात आहे.

वस्तीत आम्ही बाळंतिणींना भेटायला जातो. बाळ आठ दिवसांचं असतं आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणते, बोंडं चिरलीत, बाळ तोंडाशी आणलं की अंगावर काटा येतो. सासू म्हणते, पहिल्या खेपेला दुखायचंच, आम्ही नाही का सोसलं! चौथ्या दिवशी कोणीतरी मेडिकलमधून पावडरचा डबा आणतं. पुढच्या महिनाभरात अंगावरचं दूध खरोखरच कमी होतं आणि मग ठपका पोरीवरच, की हिला दूधच नाही.

दुःख आहे तर त्याला कारण आहे, हे आपल्याला भगवंतांनी शिकवलं. मग इथेच आपण सोसायला का सांगतो? पहिले काही दिवस बाळ ओढायला लागलं की क्षणभर कळ येते, तेवढं चालतं. पण पूर्ण वेळ दातओठ खावे लागत असतील, किंवा पाजून झाल्यावर बोंड एका बाजूने चेपलेलं, तिरपं दिसत असेल, तर बहुतेक वेळा बाळाची पकड चुकलेली असते. बाळाने बोंड ओढायचं नसतं, स्तन ओढायचा असतो. नुसतं बोंड तोंडात गेलं की ते जीभ आणि कडक टाळूच्या मध्ये घासतं आणि चिरतं. बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला की बोंड आत मऊ टाळूपाशी पोचतं. तिथे घासणं नाही, दूधही भरपूर येतं. नाजूक कातडीला आणि पोरीच्या नशिबाला उगाच दोष देतात.

आता ही पकड जमवायची कशी, ते नीट ऐका. आईची पाठ भिंतीला किंवा उशीला टेकलेली हवी. खाटेच्या कडेला वाकून पाजणाऱ्या पोरीची पाठही जाते आणि बोंडंही. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून आपल्याला पाणी पिता येत नाही, त्याला दूध कसं पिता येईल? बोंड त्याच्या वरच्या ओठाला, नाकापाशी हलकेच लावायचं आणि थांबायचं. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं की लगेच बाळाला छातीशी आणायचं. छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली कमी, अशी ओळख. गाल आत खपत असतील, चटचट आवाज येत असेल, तर पकड चुकली. मग ओढून काढू नका, त्यानेच चीर पडते. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटते. पुन्हा लावा. पाच वेळा लावावं लागलं तरी चालेल.

जुन्या बाया दोन बोटांच्या कात्रीत बोंड धरून बाळाच्या तोंडात देतात. ते सोडायला हवं. चार बोटं खाली, अंगठा वर, आणि हात काळ्या भागापासून लांब. बाळ रडून लाल होईपर्यंतही थांबू नये. मूठ तोंडात घालणं, मान इकडेतिकडे वळवणं ही भूक झाली. रडणारं बाळ धड तोंड उघडत नाही, चावल्यासारखं धरतं. सिझर झालेलीने कुशीवर पडून पाजावं, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

चीर पडलीच असेल तर कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब बोंडावर लावून वाऱ्यावर वाळू द्या. साबण लावून घासू नका, ओलं कापड अंगाला ठेवू नका. अगदीच सहन होत नसेल तर एक-दोन वेळा हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजा, पण छाती तटतटू देऊ नका. तटतटलेली छाती कडक होते, बाळाला धरताच येत नाही, आणि पुन्हा तेच दुखणं. बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग असतील, जीभ खाली बांधल्यासारखी असेल, किंवा आईला ताप येऊन छातीचा भाग लाल आणि गरम झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तापातही पाजणं सहसा बंद करायचं नसतं, उलट दूध तुंबलं तर त्रास वाढतो.

‘दूध पुरत नाही’ हे वाक्य घरात उच्चारण्यापूर्वी लंगोट मोजा. आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पहिल्या तासातच छातीला लावायचं, पिवळा चीक फेकायचा नाही, मध-गुटी नाही, आणि सहा महिने पाणीसुद्धा नाही, हे बहुतेकींना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. पावडरच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला. डबा महाग, म्हणून घरात तो पातळ करून पाजतात, आणि बाळाचं वजन तिथेच अडतं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या बिलाला पाठिंबा दिला होता. आज कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची रजा आहे, पण धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींना ती कोण देतं? दीड महिन्यात ती कामावर जाते. निघण्यापूर्वी तिला पाजू द्या, स्वच्छ स्टीलच्या वाटीत दूध काढून झाकून ठेवू द्या, आणि मागे राहणाऱ्या आजीने ते वाटी-चमच्याने पाजावं, बाटलीने नाही. आल्यावर तिला आधी बाळ द्या, भांडी नंतर. बंधूंनो, उशी आणून देणं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवणं, रात्री ढेकर काढायला बाळ खांद्यावर घेणं, याला बाईचं काम म्हणू नका.

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावू नका, पकड दाखवा म्हणा. त्या बसतील तेव्हा सासूबाईंनीही जवळ बसावं. आमच्या मंडळातल्या बायकाही बोलावलं की येतील. पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही विहारातच असतो, तिथे सांगा किंवा घरातल्या कोणाकडून निरोप पाठवा. बाळंतिणीने स्वतः यायची गरज नाही.

नमो बुद्धाय. जयभीम.