ज्येष्ठता आणि हुकमत



दौंड हे रेल्वेचे जंक्शन. सेवाज्येष्ठतेचे मोल या गावाला निराळे सांगावे लागत नाही. ८ ते २७ मे १९७४ या वीस दिवसांच्या देशव्यापी संपात सरकारने हजारो रेल्वे कामगारांना बडतर्फ केले, अनेकांच्या नोकरीत सेवाखंड दाखवला. वर्षानुवर्षांच्या चाकरीची जमा एका कागदाने पुसली गेली. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा बडतर्फ कामगार पुन्हा कामावर आले.

ज्येष्ठता हे मालकाच्या लहरीपासून मिळालेले संरक्षण आहे. कपात करताना त्या वर्गात शेवटी आलेला कामगार आधी जाईल, हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातला आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तो कायम ठेवला. नियम मोडायचा तर मालकाला कारण लेखी नोंदवावे लागते. परंतु समान हुद्द्याच्या सहकाऱ्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार या नियमातून कोणालाही मिळत नाही.

व्यवहारात मात्र तो गृहीत धरला जातो. शिरूर तालुक्यातील रांजणगाव किंवा दौंडमधील कुरकुंभ येथील एखादा कारखाना डोळ्यांपुढे आणावा. एकाच यंत्रावर दोन ऑपरेटर आहेत, एक बारा वर्षांचा जुना, दुसरा दोन वर्षांचा. सुपरवायझर जुन्याला म्हणतो, ‘तू जरा बघून घे.’ या तोंडी शब्दाचा आदेश निघत नाही, भत्ताही मिळत नाही. जुना कामगार अवजड काम व रात्रपाळी नव्याच्या माथी मारू लागतो. नवा मनात अढी धरतो. उत्पादन घटले की जाब दोघांनाही द्यावा लागतो. मालकाला फुकटचा मुकादम मिळतो आणि युनियनच्या सभेत दोन कामगार एकमेकांकडे पाठ करून बसतात. नवा कंत्राटी असेल, तर ही दरी अधिकच रुंदावते.

गावकीतील मानपान कारखान्याच्या फाटकातून असा आत येतो. वडीलधाऱ्याचा आदर ही चांगली रीत आहे. अनुभवी कामगाराचे कसब मोलाचे आहे, आणि अपघाताच्या प्रसंगी त्याचाच शब्द आधी ऐकला पाहिजे. पण कसब शिकवण्यासाठी असते. ते लपवून धाक निर्माण करणे ही सरंजामी वृत्ती होय.

म्हणून संघटनांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. ज्याच्यावर देखरेख सोपवायची, त्याला लेखी आदेश व भत्ता द्यावा. अवजड कामे आणि रात्रपाळ्या फिरत्या यादीने वाटाव्यात. ज्येष्ठता यादी फलकावर सर्वांना वाचता येईल अशी लावावी.

१९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्यघटनेचे मार्गदर्शक तत्त्व झाले. हा सहभाग मागणाऱ्यांनी आपल्या सभेत बारा वर्षांच्या आणि दोन वर्षांच्या कामगाराचे मत सारखेच मोजले पाहिजे. तेवढे झाले, तरच ‘बघून घे’ म्हणणाऱ्या सुपरवायझरला जुना कामगार लेखी आदेश मागू शकेल, आणि नवा त्याच्या बाजूने उभा राहील.