शिशाच्या छऱ्याला पर्याय
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही यंदा शिकारीच्या काडतुसांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या. गणपतीत बंदुका कशाला? पण ग्वाल्हेरच्या मराठी घरांना शिकार परकी नाही. संस्थानी काळातल्या शिकारीच्या गोष्टी ऐकतच आपल्या मागच्या पिढ्या वाढल्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तो शौक थांबला. अमेरिका-युरोपात मात्र परवाना घेऊन शिकार आजही चालते. तिथे पडलेला एक प्रश्न आणि त्याचे उत्तर आपल्याही उपयोगाचे आहे, असे आम्हाला वाटते.

पाणपक्ष्यांच्या शिकारीच्या काडतुसात एक गोळी नसते, शंभराहून अधिक छरे असतात. पक्ष्याला लागतात ते थोडे, बाकीचे तळ्यात पडतात. हे छरे पूर्वापार शिशाचे. बदकाला दात नसतात. दाणे भरडण्यासाठी ते बारीक खडे गिळते आणि पेषणीत साठवते. तळाशी पडलेला छराही ते खडा म्हणूनच गिळते. पेषणीत छरा झिजतो, आम्लात विरघळतो आणि शिसे रक्तात उतरते. पंख लुळे पडतात, अन्न पुढे सरकत नाही, पक्षी झिजून मरतो. उत्तर अमेरिकेतले 2 ते 3 टक्के पाणपक्षी दरवर्षी असे मरतात, असा अंदाज बेलरोज या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडला.

मग शिसे सोडायचे तर घ्यायचे काय? शिसे स्वस्त, मऊ आणि जड. पाण्याच्या 11.3 पट जड. लोखंड 7.9 पटच. हलका छरा हवेत लवकर मंदावतो, आणि कठीण असल्यामुळे जुन्या बंदुकीची नळी खराब करू शकतो. म्हणून पोलादी छरा आकाराने थोडा मोठा केला, वेग वाढवला आणि नळीला घासू नये म्हणून छरे प्लास्टिकच्या वाटीत बसवले. जुन्या बंदुकांसाठी बिस्मथ पुढे आले. ते ठिसूळ, म्हणून त्यात थोडे कथील मिसळतात. टंगस्टन शिशाहूनही जड, पण महाग.

इथे एक सावधगिरी लागते. शिसे नाही म्हणजे विष नाही, असे नसते. जस्ताचे छरे बदकांना खाऊ घालून पाहिले, तर तेही विषारी ठरले. टंगस्टन, निकेल आणि कोबाल्ट यांच्या एका मिश्रधातूचे तुकडे उंदरांच्या शरीरात बसवले, तेव्हा कर्करोगाच्या गाठी झाल्या. म्हणून अमेरिकेत प्रत्येक नवा छरा निर्धोक असल्याचे सिद्ध झाल्यावरच मंजूर होतो.

1991 मध्ये अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यावर देशभर बंदी घातली. या बदलामुळे 1997 च्या एका हंगामात सुमारे 14 लाख बदके विषबाधेतून वाचली, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज आहे. डेन्मार्कने 1996 मध्ये शिशाचे छरे बंद केले. 2023 पासून युरोपीय संघाच्या सर्व देशांत पाणथळ जागी ते बंद आहेत.

रायफलच्या गोळीची गोष्ट वेगळी. हरणाला लागताच शिशाची गोळी फुटते आणि तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर गिधाड खाते. 1982 मध्ये हे पक्षी अवघे 22 उरले होते. पिंजऱ्यात वाढवून ते पुन्हा सोडले, तरी शिशाची बाधा हेच त्यांच्या मृत्यूचे मोठे कारण राहिले. आणि मांस माणसेही खातात. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले. यावर उपाय म्हणजे अखंड तांब्याची गोळी. ती पाकळ्यांसारखी उमलते, पण सहसा तुकडे होत नाहीत. कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. शेजारच्या ॲरिझोनाने सक्ती केली नाही. कॉन्डोरच्या प्रदेशातल्या शिकाऱ्यांना 2005 पासून शिशाविना काडतुसे फुकट दिली, आणि बहुतेकांनी ती आपणहून स्वीकारली.

आपल्या गिधाडांचेही असेच झाले. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती संपत आली. 2006 मध्ये त्या औषधावर गुरांसाठी बंदी आली, तेव्हा मेलॉक्सिकॅम हा पर्याय हाताशी होता. शेतकऱ्याला आजारी गाय तशीच ठेव, असे सांगावे लागले नाही.

आता आपल्या दारातली गोष्ट. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखात 90 भागांवर जाऊ नये, असा नियम 2017 पासून लागू आहे. पण मूर्तीवरचा झगझगीत लाल आणि पिवळा रंग कुठला, हे आपण विचारतो का? तो रंग शेवटी पाण्यातच जातो, तळ्यातल्या छऱ्यासारखा. मूर्तिकाराला दोष देऊन काही साधणार नाही. तो परवडेल तो रंग वापरतो. ॲरिझोनाने शिकाऱ्यावर भार टाकला नाही, स्वतः उचलला. तसेच आपणही करावे. पुढच्या वर्षी मूर्तीची मागणी नोंदवताना शाडूची माती आणि शिसेविरहित रंग हे लेखी ठरवावे, आणि जो जादा खर्च येईल तो मंडळाच्या वर्गणीतून द्यावा. ही सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवत आहोत. आपण सर्वांनी तिला अनुमोदन द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!