नेत्ररक्षण : क्षीण प्रतिकारशक्ती आणि डोळ्यांतील दुर्मीळ जंतुसंसर्ग
(आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांना जैन परंपरेत श्रेष्ठ स्थान आहे. नेत्रचिकित्सा शिबिर हे त्यांपैकी औषधदानाचे सर्वपरिचित रूप होय. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून अशा शिबिरांचा मुख्य भर मोतीबिंदूवर राहिला आणि ते योग्यच होते. तथापि मोतीबिंदूचा रुग्ण बहुधा काही आठवडे थांबू शकतो. काही नेत्रविकार मात्र एका दिवसाचीही सवलत देत नाहीत. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीच्या डोळ्यातील जंतुसंसर्ग हा असाच एक विकार होय.

निसर्गाने नेत्राभोवती उत्तम तटबंदी उभारली आहे. अश्रूंमध्ये जंतुनाशक लायसोझाइम असते. त्याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. रक्तातील जंतू डोळ्याच्या अंतर्भागात सहजासहजी शिरू नयेत, अशीही योजना शरीरात आहे. परंतु अनियंत्रित मधुमेह, कर्करोगावरील केमोथेरपी, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स यांमुळे शरीराचे रक्षकबळ दुबळे होते. मग शरीरात अन्यत्र दडलेला जंतू रक्तावाटे थेट डोळ्यात पोहोचू शकतो. डोळ्याच्या आतील या जंतुसंसर्गास वैद्यकात एन्डोफ्थॅल्मायटिस म्हणतात. तो बहुधा शस्त्रक्रियेनंतर किंवा जखमेमुळे होतो. रक्तावाटे होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण त्यात सुमारे २ ते ८ टक्के एवढेच आहे. पण त्याचे परिणाम अत्यंत गंभीर असतात.

दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. क्लेब्सिएला नावाचा जंतू मधुमेही व्यक्तीच्या यकृतात गळू निर्माण करतो आणि तेथून डोळ्यात उतरतो. तैवानमधील डॉक्टरांनी १९८६ साली अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दुखणे यकृताचे असते. पण काही रुग्णांत पहिली तक्रार दृष्टीची असते. दुसरा जंतू नोकार्डिया. फ्रेंच पशुवैद्य एडमंड नोकार यांनी १८८८ साली गुरांच्या रोगात तो प्रथम वर्णिला. तो माती व कुजलेल्या पालापाचोळ्यात राहतो, धुळीसोबत फुप्फुसात जातो आणि दुर्बळ शरीरात मेंदू व डोळ्यापर्यंत पसरतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तंतू बुरशीसारखे भासतात. प्रयोगशाळेत तो सावकाश वाढतो. म्हणून रुग्णाची पूर्वपीठिका प्रयोगशाळेस कळविली नाही, तर तपासणी लवकर आटोपून जंतू सापडलाच नाही, असे होऊ शकते.

येथेच खरा धोका आहे. डोळा लाल होतो, नजर धूसर होते, काळे ठिपके तरंगताना दिसतात. कधी वेदना होतात, कधी होत नाहीत. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास ताप चढेलच असे नाही. साधी सूज समजून केवळ स्टिरॉइडचे थेंब घातले, तर लाली तात्पुरती ओसरते आणि जंतूला मात्र मोकळे रान मिळते. घरात उरलेली औषधाची बाटली, शेजाऱ्याने सुचविलेले थेंब किंवा गुलाबपाणी यांत दवडलेले दोन दिवस आयुष्यभराची दृष्टी हिरावू शकतात.

उपचार उपलब्ध आहेत. डोळ्यातील द्रवाचा नमुना तपासला जातो आणि प्रतिजैविक औषध थेट डोळ्याच्या आत टोचले जाते. कारण शिरेतून दिलेले औषध तेथे पुरेसे पोहोचेलच असे नाही. गरजेनुसार डोळ्यातील दूषित द्रव शस्त्रक्रियेने काढला जातो. रोगाचे मूळ यकृतात, फुप्फुसात वा अन्यत्र शोधून त्यावरही इलाज करावा लागतो. नोकार्डियाचा उपचार अनेक महिने चालू ठेवावा लागतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडणे घातक ठरते.

यासाठी प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी पाळाव्यात. मधुमेही, प्रत्यारोपण झालेल्या वा स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तीची नजर अचानक धूसर झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी आणि आजार लपवू नये. पर्युषण वा दशलक्षण पर्वात उपवासाचा नियम घेण्यापूर्वी अशा रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा स्टिरॉइड स्वतःच्या मनाने बंद करू नये. शक्तीनुसार तप करावे, हीच परंपरेची शिकवण आहे.

धर्माने प्रमादाला दोष मानले आहे. शरीराबाबतची बेफिकिरी हाही प्रमादच. स्वाध्याय, देवदर्शन आणि पावलापुढील सूक्ष्म जीवाचे रक्षण या सर्वांना दृष्टीचा आधार लागतो. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून शिबिरातील प्रत्येक रुग्णास “मधुमेह आहे का? कोणती औषधे चालू आहेत?” हे दोन प्रश्न आवर्जून विचारले गेले, तरी औषधदानाचे पुण्यकार्य अधिक फलदायी होईल.