घोट्याचे ठिगळ

दौलताबादचा किल्ला उतरताना ज्याचा पाय कधी मुरगळला नाही, असा माणूस आमच्या गावात विरळाच. हळदीचा लेप लावला, चार दिवस पाय उशाला ठेवला, की बहुतेकांचे भागते. पण एखाद्याचा घोटा महिनोन्‌महिने ठणकत राहतो. तपासणीत दिसते, की नडगीच्या खाली बसलेल्या हाडावरची गुळगुळीत कूर्चा हाडाच्या टवक्यासकट उखडली आहे.

कूर्चेची गोम अशी, की तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत. कातडे खरचटले की रक्त धावून येते, खपली धरते. कूर्चेकडे कोण धावणार? जखम लहान असेल तर खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून भागवतात; पण तिथे भरते ती राठ कूर्चा, मूळची गुळगुळीत नव्हे. जखम साधारण दीड चौरस सेंटिमीटरच्या पुढे गेली, की हाडासकट ठिगळ लावायचा विचार येतो. ते आणायचे कुठून? स्वतःच्या अंगातून, की दुसऱ्याच्या?

मी इतिहास शिकवणारा. मला इथे कावसजी आठवतो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. नाक आणि एक हात गमावून परतला. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा घेऊन त्याच्या कपाळाच्या कातड्याचे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकीकत छापली. भुवयांमधली कातड्याची पट्टी आधी जोडलेलीच ठेवली होती, म्हणून रक्त वाहत राहिले आणि नाक जगले. मात्र कपाळाला त्याची किंमत मोजावी लागली!

घोट्याचेही तेच. स्वतःचे ठिगळ घेतात ते गुडघ्याच्या कडेचे, जिथे भार कमी पडतो. खालचे हाड हाडाला लवकर धरते, पेशी आपल्याच असतात. पण धड असलेल्या गुडघ्याला भोक पडते, आणि काहींचा गुडघा पुढे दुखतच राहतो. शिवाय गुडघ्याची कूर्चा जाड, तिची गोलाईही निराळी. पैठणच्या मागावर बसणाऱ्या विणकराला विचारा, गुडघा देऊन घोटा घेणे हा सौदा त्याला कसा वाटतो!

दुसऱ्याच्या अंगातले घ्यावे, तर शरीर परके ओळखते. परक्या कातड्याचे काय होते, ते मेडावरने १९४३ साली दाखवून दिले. कूर्चेला रक्तच नसल्यामुळे ती पुष्कळशी या माऱ्यातून वाचते. तेव्हा इथे जुळवायचे ते माप आणि बाजू. उजव्याला उजवे. गुडघा शाबूत राहतो, मोठा खड्डाही भरतो. पण खालचे परके हाड सावकाश मुरते, कधी खचते. फसण्याचे प्रमाण यात अधिक आढळले आहे. म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे खड्डा बेताचा असेल तर स्वतःचे बरे. हाडाची कडच ढासळली असेल, किंवा गुडघा आधीच अधू असेल, तर दुसऱ्याचे.

आता खरी अडचण. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले हाड मिळते. पण किरणांनी जंतू मरतात तशा पेशीही मरतात. जिवंत कूर्चा हवी तर ती थंडाव्यात राखून सुमारे चार आठवड्यांच्या आत बसवावी लागते. म्हणजे वेळेवर दाता हवा. २०११ च्या दुरुस्तीने अवयवांबरोबर ऊतींचे दानही कायद्यात आले. तरी डोळे देणारी घरे घोट्याचे हाड म्हटले की बिचकतात. ‘पाय कसा दिसेल हो?’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. काढलेल्या हाडाच्या जागी आधार भरतात, कातडे नीट शिवतात, पायाचा आकार पूर्ववत करतात, आणि मगच देह घरच्यांच्या स्वाधीन करतात.