आनंदाचा तास कोणाचा?



आमच्या भाषणाचा विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हा काही मंडळींनी आम्हांस वाटेतच हटकले. कामगार चळवळीतला मनुष्य. त्याने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. हा बारमधला ‘हॅपी अवर’ घेऊन कशास आला? आमचे उत्तर साधे आहे. कामगार चळवळीचा निम्मा इतिहास पगाराचा असला तर निम्मा तासांचा आहे. तेव्हा एखाद्या तासाला ‘आनंदाचा’ असे विशेषण लावून कोणी तो बाजारात मांडला, तर तो माल कोठून आला याची चौकशी करणे हे आमचे कामच ठरते. आमची शाळा १९८२ च्या गिरणी संपात सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि हॉटेल-कामगारांच्या सभांत झाले. त्यामुळे आज पांडित्य मिळणार नाही; पाहिलेले आणि पडताळलेले तेवढे सांगू.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘कॉकटेल’ म्हणजे मिश्रपेय. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने त्याची व्याख्या छापली: कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. म्हणजे आज ज्यास आपण नवे फॅड म्हणतो ते दोनशे वर्षांचे जुने आहे. ‘हॅपी अवर’ या शब्दाची कथा याहून गमतीची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन आरमाराच्या जहाजांवर खलाशांसाठी मुष्टियुद्ध, गाणेबजावणे असे करमणुकीचे कार्यक्रम होत, त्यास हे नाव होते. त्याच आरमाराने १९१४ साली आपल्या जहाजांवरील दारू बंद केली! पुढे १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत सर्वत्र दारूबंदी आली, लोक रात्रीच्या जेवणाआधी आडबाजूस जमून पिऊ लागले, आणि हळूहळू ते नाव पेल्यास चिकटले. ज्या देशांनी ही प्रथा वाढविली त्यांतल्या काहींनी तिच्यावर कायदाही उगारला. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ साली आणि आयर्लंडने २००३ साली अशा सवलतीच्या तासांवर बंदी घातली.

आता आपल्याकडच्या तासांचा हिशोब. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत काम, आणि आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, तेव्हा लोखंड्यांचे नाव कितीजणांस आठवते? पुढे तासांची घसरगुंडी पाहा. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस १२ तासांचा ठरला. १९२२ साली तो ११ तासांवर आला, १९३४ साली १० वर, १९४६ साली ९ तासांवर आणि आठवडा ४८ तासांवर. म्हणजे दिवसाचे ३ तास सोडवून घ्यावयास ३५ वर्षे लागली. एकेका तासाला जवळजवळ एक तप! त्यासाठी माणसे संपावर गेली, उपाशी राहिली, काहींनी गोळ्या खाल्ल्या. संध्याकाळ नावाची जी वस्तू आपण आज सहज वापरतो ती अशी आलेली आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पण त्या काळच्या गिरणी कामगारास व्याख्यानास जावयास वेळ कोठला?

या प्रश्नाने आम्हांस त्या बारमध्ये नेले असे म्हटले तर ते थोडे सोवळेपणाचे होईल. नेले ते आमच्या एका मित्राने. आम्ही दोघे एकाच चाळीतले, दोघांचेही वडील गिरणीत. मित्र आता विमा कचेरीत आहेत, आणि त्यांची मुलगी लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातील कचेरीत नोकरी करते. तिने बापाला सांगितले, “बाबा, खालीच एक बार आहे, चार ते आठ एकावर एक फुकट. काकांना घेऊन जा एकदा.” मित्र आम्हांस म्हणाले, “चल लेका. जिथं बापाला गेटपासशिवाय आत सोडत नव्हते, तिथं आज आपण बूट वाजवीत जाऊ.”

गेलो. दारावर गणवेषधारी रखवालदार, आत मंद दिवे, थंड हवा, आणि संगीत इतके मोठे की शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर साच्याच्या खडखडाटात बोलावे तसे ओरडून बोलावे लागे. तरुण मुले-मुली घोळक्याने बसलेली. कोणी दंगा करीत नव्हते, कोणी लोळत नव्हते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गुत्ता उभा राहतो. ही मुले दिवसभर पडद्यासमोर बसून मान मोडून काम करणारी. ती आपली संध्याकाळ घ्यावयास आली होती, आणि ती घेण्याचा त्यांना हक्क आहे. आमच्या मित्राने जिन, लिंबू आणि कोकम यांचे काहीतरी मागविले. एक मागविले, दोन आले. आम्ही लिंबूसरबत घेतले. त्यावर मात्र एकही फुकट नव्हते.

छत जुनेच ठेवलेले होते, बिडाचे खांबही जुनेच. त्यांना काळा रंग लावून दिवे टांगलेले. मित्र उठून खांब मोजू लागले. वडिलांनी लहानपणी एकदा डबा घेऊन आलेल्या या पोराला आपला साचा दाखविला होता. “दारापासून सातवा खांब,” मित्र म्हणाले. सातव्या खांबाशी आता बर्फाचे यंत्र होते. आमचे मित्र फार बोलणारे नव्हेत. त्यांनी खांबावर हात ठेवला, आणि परत येऊन बसले.

आता या ‘फुकटा’चे अर्थशास्त्र. बारमालक दानशूर आहे म्हणून दुसरा पेला देत नाही. जागेचे भाडे, परवान्याची फी, थंड हवेचे वीजबिल, नोकरांचे पगार हा सारा खर्च खुर्ची भरली तरी होतो आणि रिकामी राहिली तरी होतो. चार ते आठ खुर्च्या रिकाम्या असतात. पेल्यातल्या दारूची मूळ किंमत छापील किमतीच्या मानाने थोडी. पेल्यात बर्फच पुष्कळ. म्हणून दुसरा पेला दिला तरी तोटा नाही. गिऱ्हाईक बसले की चकणा मागविते, त्यात नफा. आठ वाजेपर्यंत रंगात आले की उठत नाही, आणि आठनंतरचा प्रत्येक पेला पुऱ्या किमतीचा. हा धंदा आहे, आणि त्यात कायद्याबाहेरचे काही नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. या हिशोबात नोकराचा तास स्वस्त धरलेला आहे. चार वाजता गर्दी वाढवावयाची तर वाढणारे हात चारच्या आधी हजर पाहिजेत, आणि बार बंद होईतो तेच हात पाहिजेत.

आमच्या टेबलाचा वेटर लातूरकडचा निघाला. हॉटेलचा डिप्लोमा केलेला, विशीतला पोरगा. मराठी ऐकून त्याच्या चेहऱ्यावरची छापील नम्रता थोडी सैल झाली. आम्ही विचारले, “कामावर कधी येतोस?”

“तीनला, काका. दीडला बंद. मग ग्लास मोजायचे, खुर्च्या लावायच्या. अडीच होतात.”

“मग घरी?”

“शेवटची लोकल गेलेली असते. पहिली पहाटे चारनंतर. तोवर स्टेशनात बसतो.”

साडेअकरा तास काम आणि दीड तास फलाटावर. म्हणजे १९२२ च्या कायद्याच्याही मागे. जादा वेळेचे पैसे? त्याने नुसते हसून दाखविले. फुटलेल्या पेल्याचे पैसे मात्र महिन्याच्या पगारातून न चुकता कापले जात. छापील किमतीत पाहिले तर आमच्या मित्राच्या पुढ्यातला एक पेला त्या पोराच्या एका दिवसाच्या पगाराहून महाग होता. बिलात ‘सेवाशुल्क’ म्हणून रक्कम लावलेली होती. ती तुला मिळते का, असे विचारता तो म्हणाला, “ते साहेबांना विचारा, काका. पण माझं नाव सांगू नका.”

मंडळी, हे शेवटचे वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहो. गिरणीच्या गेटावर तेच, उपाहारगृहाच्या मोरीपाशी तेच. यातला एकेक मुद्दा कायद्याने बोललेला आहे. नुकसानभरपाई कापण्यापूर्वी नोकराचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतनसंहितेतही आहे. सेवाशुल्क बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. कागद भक्कम आहे. पण कागद स्वतःच्या पायांनी चालत नाही. त्यास चालविणारी संघटना लागते, आणि जो पोरगा नाव सांगावयास भितो त्याची संघटना अजून उभी राहावयाची आहे.

येथे कोणी विचारील, गिरणीचा बार झाला कसा? थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेक गिरण्या पुन्हा पुरत्या चालल्याच नाहीत. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या मैदानांसाठी महापालिकेस, एक घरांसाठी म्हाडास, एक मालकास. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. इमारतीखालची जमीन वाटणीतून सुटली, मैदाने आक्रसली आणि मॉल, कचेऱ्या, बार उभे राहिले. ज्या मुलांना संध्याकाळी फुकट खेळावयास मैदान मिळाले असते, त्यांना संध्याकाळ एकावर एक या दराने विकत घ्यावी लागते. हाच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे.

आणि २९ डिसेंबर २०१७ ची रात्र आपण विसरू नये. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहास आग लागली आणि १४ माणसे गेली. आनंदाच्या जागी सुटकेची वाट मोकळी आहे की नाही, हे गिऱ्हाइकाच्या जिवाशी जितके जोडलेले तितकेच नोकराच्या जिवाशी. तो प्रश्न नोकरास सर्वांत आधी कळतो, कारण मागचा जिना खोक्यांनी भरलेला त्याला रोज दिसतो. पण त्याने तोंड उघडावे तर नोकरी जाते. म्हणून आम्ही म्हणतो की वेटरची युनियन ही गिऱ्हाइकाचीही सुरक्षितता आहे.

दारूविषयी आमचे मत विचाराल. दारूने बुडालेली घरे आम्ही चाळीत जवळून पाहिली आहेत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी पाकीट हाती पडण्याआधी येऊन उभ्या राहणाऱ्या बायकाही पाहिल्या आहेत. तेव्हा तिचे गुणगान आमच्या तोंडून येणे नाही. पण केवळ बंदीने प्रश्न सुटतो असेही आम्हांस वाटत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने गुत्ते जमिनीखाली गेले आणि हातभट्ट्या वर आल्या, हे मुंबईने भोगले आहे. थकलेल्या माणसास विसावा हवा असतो. तो त्याला मैदानात मिळेल, वाचनालयात मिळेल, अशा व्याख्यानमालेत मिळेल, तर पेल्याशी त्याची स्पर्धा होईल. दुसरे काही शिल्लकच ठेवले नाही, तर त्याला दोष देण्याचा आपणांस अधिकार काय?

तेव्हा आपण जावे की न जावे हे ज्याचे त्याने ठरवावे. जे जातील त्यांच्याकडे आमची मागणी थोडी आहे. आत शिरताच बाहेर पडावयाची दुसरी वाट कोठे आहे ते विचारा आणि ती उघडून पाहा. सेवाशुल्क कोणाच्या खिशात जाते ते मालकास विचारा, नोकरास नव्हे. नोकरास विचारलेत तर त्याची अडचण होते. बक्षिसी द्यावयाची ती त्याच्या हातात द्या. आणि घड्याळाकडे पाहा. आपला तास संपल्यावर समोरच्या पोराचे किती तास उरले आहेत याचा एकदा हिशोब करा. हे करावयास युनियनचे सभासद व्हावे लागत नाही, नुसते नागरिक असले की पुरे.

आमचे वडील कमी शिकलेले. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. भोंगा वाजला की पाळी सुटलीच पाहिजे. आजच्या बारमध्ये, मॉलमध्ये, घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या पोरांच्या दुनियेत भोंगा नाही, म्हणून पाळी सुटत नाही. तो पुन्हा वाजविणे हे या पिढीच्या संघटनेचे काम आहे. तो वाजेल तेव्हा लातूरच्या त्या पोराला आपली शेवटची लोकल मिळेल, आणि त्याच्या तासालाही आनंदाचा म्हणता येईल.